‘ऑस्टेन्सिब्ली’ आणि ‘बज़ाहिर’: उर्दूभाषकांनी हा इंग्रजी शब्द कुठे वापरावा, कुठे टाळावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झालं आहे. आता स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी अग्रलेख वाचताना ‘ऑस्टेन्सिब्ली’ (ostensibly) हे क्रियाविशेषण त्यांना पुन्हा पुन्हा अडतं. कोशात त्याचा अर्थ ‘बज़ाहिर’ (वरवर पाहता) असा मिळतो, पण ‘अपॅरंटली’ आणि ‘सीमिंग्ली’ या शब्दांपुढेही ‘बज़ाहिर’च लिहिलेलं असतं. सरावाच्या वहीत त्यांनी दोन वाक्यं लिहिली: ‘ऑस्टेन्सिब्ली इट विल रेन टुडे’ आणि ‘द हाउस इज ऑस्टेन्सिब्ली बिग’. दोन्हींवर लाल रेघ आली, कारण मात्र कुणी सांगितलं नाही.

मी उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवतो आणि उर्दू, इंग्रजी, मराठी अशा तिन्ही भाषांत अनुवादाचं काम करतो. या एका शब्दावर हुशार मुलंही अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ मुद्दा. कोशातला अर्थ चुकीचा नाही, तो अपुरा आहे. ‘बज़ाहिर’ म्हणजे एखादी गोष्ट बघणाऱ्याला कशी दिसते. ‘ऑस्टेन्सिब्ली’ म्हणजे कुणीतरी ती गोष्ट तशी दाखवत आहे, आणि लिहिणारा त्या दाखवण्याची हमी घ्यायला तयार नाही. ‘बज़ाहिर’ला फक्त बघणारा पुरतो. ‘ऑस्टेन्सिब्ली’ला तिघं लागतात: दाखवणारा, त्याने पुढे केलेलं कारण किंवा रूप, आणि त्या रूपापासून एक पाऊल मागे उभा असलेला लिहिणारा. पाऊस कुणी दाखवत नाही. घराचा मोठेपणाही कुणी कारण म्हणून पुढे करत नाही, तो डोळ्यांना दिसतो. म्हणून ती दोन्ही वाक्यं चुकली. पहिल्यात ‘अपॅरंटली’ किंवा साधं ‘इट लुक्स लाइक’ हवं होतं. दुसऱ्यात काहीच नको होतं.

हा फरक दोन्ही शब्दांच्या मुळाशीच आहे. उर्दू जाणणाऱ्याला तो व्याकरणाच्या नियमापेक्षा मुळावरून लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे. ‘ज़ाहिर’ हा अरबीतला ज़-ह-र या धातूचा शब्द. मूळ क्रिया ‘दिसू लागणं, बाहेर येणं’ अशी अकर्मक आहे. ‘ज़ुहूर’ म्हणजे प्रकट होणं. चंद्र उगवतो, खूण उमटते, तसं ते आपणहून होतं. त्याच धातूपासून ‘इज़हार’ होतो तेव्हा क्रिया सकर्मक बनते: कुणीतरी काहीतरी प्रकट करतं. ‘इज़हार-ए-ख़याल’, ‘इज़हार-ए-अफ़सोस’ यांत करणारा माणूस असतोच. ‘मुज़ाहरा’ही तसाच, माणसं रस्त्यावर उतरून आपलं म्हणणं दाखवतात.

आता लॅटिन बघा. ‘ऑस्टेन्सिब्ली’च्या मागे ‘ऑस्टेन्डेरे’ हे क्रियापद आहे. ‘ऑब’ म्हणजे समोर, ‘टेन्डेरे’ म्हणजे ताणणं, पुढे करणं. एखादी वस्तू दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर धरणं, ही त्यातली मूळ कृती. हे क्रियापद सकर्मक आहे. म्हणजे ‘ऑस्टेन्सिब्ली’चं नातं ‘ज़ुहूर’पेक्षा ‘इज़हार’शी जवळचं आहे, आणि कोश मात्र त्यापुढे ‘ज़ुहूर’च्या बाजूचा शब्द ठेवतात. वर्गात हे फळ्यावर मांडलं की बऱ्याच जणांची गाठ तिथेच सुटते.

मराठीने याच धातूतून जे घेतलं, त्याचा कल नेमका दाखवण्याकडे आहे. ‘जाहीर करणे’, ‘जाहीरनामा’, ‘जाहीर सभा’, ‘जाहिरात’ या सगळ्यांत कुणीतरी लोकांपुढे काहीतरी मांडत असतं. उर्दूतलं ‘ज़ाहिर है’ म्हणजे उघड आहे, सांगायलाच नको. मराठीतलं ‘जाहीर आहे’ म्हणजे घोषणा झाली आहे. घरी उर्दू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा, इंग्रजीत त्याचे दोन वेगळे शब्द होतात. उर्दूचं ‘ज़ाहिर है’ इंग्रजीत ‘ऑब्व्हियस्ली’ होतं. त्या जागी ‘ऑस्टेन्सिब्ली’ लिहिलं तर अर्थ जवळजवळ उलटा होतो, कारण पहिल्यात खात्री आहे आणि दुसऱ्यात शंका.

शंकेचा मुद्दा जरा खोलात जाऊन बघायला हवा. उर्दूच्या घडणीत ‘ज़ाहिर’ आणि ‘बातिन’ ही जोडी फार जुनी आणि आदराची आहे. क़ुरआनच्या सूरा अल-हदीदमध्ये, तिसऱ्या आयतीत, ईश्वराला अव्वल आणि आख़िर, ज़ाहिर आणि बातिन म्हटलं आहे. सूफ़ी विचारात ज़ाहिर म्हणजे बाहेरचं अंग आणि बातिन म्हणजे आतलं, आणि दोन्ही खरी. ज़ाहिर खोटं असतं असं तिथे कुणी म्हणत नाही. त्यामुळे ज्याचा कान या भाषेवर घडला आहे त्याला ‘बज़ाहिर’ ऐकून आपोआप संशय येत नाही. ‘बज़ाहिर सेहतमंद आदमी’ म्हणजे दिसायला धडधाकट माणूस. यात तो सोंग करतोय असा आरोप नाही. ‘ऑस्टेन्सिब्ली हेल्दी’ म्हटलं की इंग्रजी वाचकाच्या भुवया उंचावतात आणि ‘मग खरं काय होतं?’ असा प्रश्न त्याच्या मनात तयार होतो.

मग उर्दू शंका कशी व्यक्त करते? दोन लहान शब्दांनी. एक ‘तो’ आणि दुसरा ‘लेकिन’ किंवा ‘मगर’. ‘बज़ाहिर तो वो चचा से मिलने गया था, लेकिन…’ इथे ‘तो’ने कान टवकारले जातात आणि ‘लेकिन’ने पुढची गोष्ट उघडते. बहुतेक वेळा मागोमाग ‘दरअस्ल’ (खरं तर) येतो. म्हणजे उर्दूत शंका वाक्यभर पसरलेली असते. इंग्रजीत ती सगळी एका क्रियाविशेषणात भरलेली असते: ‘ही वेन्ट टू लाहोर, ऑस्टेन्सिब्ली टू सी हिज अंकल.’ वाक्य इथे संपलं तरी चालतं. ‘बट’ लिहायची गरज नाही, तो वाचकाने मनात आधीच ऐकलेला असतो. उर्दूच्या सवयीने मुलं ‘ऑस्टेन्सिब्ली’ लिहून पुढे ‘बट इन रिअॅलिटी अॅक्च्युअली’ अशी सगळी फौज उभी करतात. खरं कारण माहीत असेल आणि ते सांगायचं असेल तर ‘बट’ जरूर लिहा, पण एकच. माहीत नसेल तर तिथेच थांबा. शंका नोंदवून थांबता येणं हाच या शब्दाचा मोठा उपयोग आहे.

अनुवादाच्या कामात हा फरक किती महाग पडू शकतो, याचं एक उदाहरण देतो. उर्दू बातमीत असं वाक्य सहज येतं: ‘बज़ाहिर मौत दिल का दौरा पड़ने से हुई।’ अर्थ सरळ आहे: प्रथमदर्शनी मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने झालेला दिसतो, तपासणी बाकी आहे. याचं इंग्रजी ‘ही अपॅरंटली डाइड ऑफ अ हार्ट अॅटॅक’. आता कोशावर विसंबून कुणी ‘ही ऑस्टेन्सिब्ली डाइड ऑफ अ हार्ट अॅटॅक’ लिहिलं तर वाक्याचा सूरच पालटतो. आता ते म्हणतं की हृदयविकार हे पुढे केलेलं कारण आहे, कुणीतरी ते दाखवतंय आणि खरं वेगळं असावं. मूळ बातमीदाराने जे सुचवलंही नव्हतं ते अनुवादकाने सुचवलं. घरच्या माणसांवर, डॉक्टरवर, पोलिसांवर, कुणावरही त्यातून बोट रोखलं जातं. अशा ठिकाणी मी अनुवाद तपासताना हा शब्द दिसला की थांबतोच.

‘बज़ाहिर कोई वजह नहीं थी’ हेही तसंच वाक्य. इंग्रजीत याचा बांधलेला शब्दप्रयोग आहे, ‘फॉर नो अपॅरंट रीझन’. इथे ‘ऑस्टेन्सिबल’ बसत नाही. दाखवायलाच काही नाही तर दाखवणारा कुठून येणार? न्यायालयीन उर्दूतलं ‘बादी-उन-नज़र में’ हेही वेगळं आहे. त्याला मराठीत आपण ‘सकृद्दर्शनी’ म्हणतो आणि इंग्रजी वकील ‘प्रायमा फेसी’ म्हणतात. त्यात पुरावा पहिल्या नजरेत पुरेसा दिसतो एवढंच येतं, कुणाच्या हेतूबद्दल काही येत नाही.

आता शब्द जिथे चपखल बसतो अशी जागा बघू. इतिहासातली एक जागा मी शिकवताना नेहमी घेतो. 1765 साली मुघल बादशाह शाह आलम दुसरा याने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कागदावर कंपनी बादशहाची दिवाण झाली, त्याच्या वतीने महसूल गोळा करणारी. बादशहाला वर्षाला 26 लाख रुपये पोचवायचे ठरले. फ़ौजदारी न्याय आणि बंदोबस्त मुर्शिदाबादच्या नवाबाकडे राहिला, आणि दिवाणीचं रोजचं कामही कंपनीने आधी मुहम्मद रज़ा ख़ानसारख्या नायबांकडून करवून घेतलं. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या वेळी कंपनीने तो कारभार उघडपणे आपल्या हातात घेतला. मधल्या काळाबद्दल इंग्रजीत लिहायचं तर ‘द कंपनी ऑस्टेन्सिब्ली अॅक्टेड अॅज द एम्परर्स दिवान’ हे वाक्य अगदी नेमकं आहे. तिघंही हजर आहेत: दाखवणारी कंपनी, दाखवलेलं रूप म्हणजे दिवाणाचं, आणि त्यामागची सत्ता ओळखून असलेला इतिहासकार.

याच्याच शेजारी आपल्याकडचं साताऱ्याचं उदाहरण ठेवा. 1749 मध्ये शाहू महाराज गेल्यानंतर राज्याचा कारभार पुण्यातून पेशवे चालवू लागले, तरी पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच येत राहिली. छत्रपतींच्या सत्तेला इथे ‘ऑस्टेन्सिब्ली’ लावावं का? मी लावणार नाही. त्या व्यवस्थेत लपवाछपवी नव्हती. सत्ता कुणाकडे आणि मान कुणाचा, हे दरबारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे ‘नॉमिनली’ हवं, उर्दूत ‘बराए नाम’, मराठीत ‘नावाला’ किंवा ‘नाममात्र’. ‘नॉमिनली’त पद खरं असतं, त्यातला जीव गेलेला असतो. ‘ऑस्टेन्सिब्ली’त दाखवलेलं रूप हे पडद्यासारखं काम करतं. 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलमकडून पेशव्यांसाठी ‘वकील-ए-मुतलक़’ (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) हे पद मिळवलं आणि स्वतः त्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार हाती घेतला. तिथे कोणता शब्द लावावा यावर मुलांना वाद घालायला लावावा, असा तो प्रसंग आहे. माझं मत ‘नॉमिनली’कडे झुकतं, पण ‘ऑस्टेन्सिब्ली’ म्हणणाऱ्याने दाखवणारा कोण आणि काय झाकलं हे नीट सांगितलं तर मी त्याचं उत्तर मान्य करतो.

शेजारचे आणखी शब्द आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवायला नको. ‘अलेजेड्ली’ म्हणजे कुणीतरी आरोप केला आहे. उर्दू वर्तमानपत्रं यासाठी ‘मुबय्यना तौर पर’ लिहितात आणि मराठी वर्तमानपत्रं विशेषण म्हणून ‘कथित’ लिहितात. ‘पर्पोर्टेड्ली’ कागदपत्रांना आणि दाव्यांना लागतो, अमक्याने लिहिलेलं म्हणून समोर आलेलं पत्र, अशा जागी. ‘सपोज्ड्ली’ बोलण्यातला शब्द आहे, लोक म्हणतात म्हणे, या सुराचा. ‘सो-कॉल्ड’ला उर्दूत ‘नाम-निहाद’ हा सुंदर शब्द आहे आणि तो ‘ऑस्टेन्सिब्ली’पेक्षा कितीतरी कडवट आहे. ‘सीमिंग्ली’ मात्र जपून ओळखा. त्यात दिसणं आहे, असणं वेगळं निघू शकतं याची जाणीवही आहे, पण दाखवणारा नाही. ‘अ सीमिंग्ली एंडलेस रोड’ बरोबर आहे. तिथे ‘ऑस्टेन्सिब्ली’ घातला तर तो रस्ता जणू प्रवाशांना फसवायला कुणी बांधला आहे असं वाटेल.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘ऑस्टेन्सिब्ली’ म्हणजे सरळ ‘खोटं सांगून’ असं धरतात. तेही बरोबर नाही. उर्दूत ‘इलाज के बहाने दुबई गया’ म्हटलं की इलाज हे निमित्त होतं असा निवाडा झाला. ‘की आड़ में’ त्याहून कडक आहे. इंग्रजीत त्यांच्यासाठी ‘ऑन द प्रीटेक्स्ट ऑफ’ आणि ‘अंडर द गाइज ऑफ’ आहेत. ‘ऑस्टेन्सिब्ली’ निवाडा देत नाही. इलाज खराही असेल, निदान काही अंशी. लिहिणारा एवढंच म्हणतो की हे कारण त्यांचं आहे, माझं नाही. अग्रलेखात हा शब्द इतका का आढळतो, त्याचं उत्तर यात आहे. सरकारने नवा नियम आणला, कारण सुरक्षेचं दिलं. संपादकाकडे पुरावा नाही, पण त्याला ते कारण जसंच्या तसं स्वतःच्या तोंडी घ्यायचं नाही. ‘ऑस्टेन्सिब्ली फॉर सिक्युरिटी रीझन्स’ लिहून तो दोन्ही साधतो. परीक्षेतल्या उताऱ्यात हा शब्द आला की खाली ‘लेखकाचा दृष्टिकोन काय?’ असा प्रश्न असू शकतो, आणि तिथे ‘साशंक’ हा पर्याय ‘विरोधी’ किंवा ‘खात्रीशीर’ यांपेक्षा बहुधा योग्य ठरतो. वाचताना या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारून ठेवायची सवय लावा.

वाक्यात तो कुठे बसतो, याबद्दल. याची सगळ्यात स्वाभाविक जागा हेतूच्या लगेच आधी आहे: ‘ऑस्टेन्सिब्ली टू’, ‘ऑस्टेन्सिब्ली फॉर’, ‘ऑस्टेन्सिब्ली बिकॉज’. उर्दूचा क्रम इथे मदतीला येतो, कारण ‘बज़ाहिर मसले का जायज़ा लेने के लिए कमेटी बनाई गई’ यात ‘बज़ाहिर’ही हेतूच्या आधीच आहे. दुसरी जागा विशेषणाच्या आधी: ‘अॅन ऑस्टेन्सिब्ली न्यूट्रल कमिटी’, म्हणजे स्वतःला तटस्थ म्हणवणारी समिती. तिसरी जागा वाक्याच्या आरंभी, पुढे स्वल्पविराम देऊन. या तीन जागा पक्क्या केल्या तर पुरे.

एक चूक मात्र उर्दूभाषकांकडून विशेष होते आणि तिचं कारण उर्दूच्या क्रियाविशेषणांच्या घडणीत आहे. उर्दूत क्रियाविशेषण अनेक वाटांनी तयार होतं. अरबीची ‘अन’ लागून फ़ौरन, यक़ीनन, ग़ालिबन, मजबूरन होतात. फ़ारसीचा ‘ब’ लागून बज़ाहिर, बख़ूबी, बमुश्किल, बदस्तूर होतात. शिवाय ‘तौर पर’, ‘तरीक़े से’ आहेतच. ‘तौर पर’ची सवय इतकी असते की मुलं प्रत्येक इंग्रजी क्रियाविशेषण रीतिवाचक समजून क्रियापदाला चिकटवतात: ‘ही स्पोक ऑस्टेन्सिब्ली’, ‘शी स्माइल्ड ऑस्टेन्सिब्ली’. मनात असतं ‘दिखावटी तौर पर मुस्कुराई’. पण ‘ऑस्टेन्सिब्ली’ बोलण्याची किंवा हसण्याची रीत सांगत नाही, तो विधानाबद्दल सांगतो. ग़ालिबन (बहुधा), यक़ीनन (नक्कीच) हे जसे पूर्ण विधानावर बसतात, तसा तोही बसतो. दिखाऊपणे, चारचौघांच्या नजरेत भरेल असं काही केलं असेल तर त्यासाठी ‘ऑस्टेन्टेशस्ली’ आहे, उर्दूत ‘नुमाइशी अंदाज़ में’. दोघं एकाच लॅटिन मुळाचे, म्हणून घोटाळा होतो. ‘ऑस्टेन्सिव्हली’ असा तिसराही आहे, बोट दाखवून अर्थ सांगण्याच्या पद्धतीसाठी तत्त्वज्ञानात वापरतात. तो तुम्हाला सहसा लागणार नाही, पण स्पेलिंग चुकलं तर नकळत तोच लिहिला जाईल. ‘ऑस्टेन्सिब्ली’च्या शेवटी आय-बी-एल-वाय येतं, ए-बी-एल-वाय नाही. उच्चारात जोर ‘टेन’वर.

प्रथमपुरुषात हा शब्द जपून वापरा. ‘आय केम हिअर ऑस्टेन्सिब्ली टू स्टडी’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण त्यातून तुम्ही कबूल करता की शिक्षण हे सांगायचं कारण होतं. मुलाखतीत किंवा अर्जात असं वाक्य घातक ठरेल.

कायद्यातला वापर मुद्दाम वेगळा सांगतो. तिथे शब्दाचा रंग निराळा आहे आणि जमिनीच्या कागदांशी संबंध येणाऱ्यांना तो लागतोच. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 41 आहे, ‘ऑस्टेन्सिबल ओनर’ने केलेल्या हस्तांतरणाबद्दल. मालमत्ता खरी एकाची, पण त्याच्या उघड किंवा गर्भित संमतीने दुसरा माणूस लोकांपुढे मालक म्हणून वावरतो. त्या दिसणाऱ्या मालकाकडून तिसऱ्याने मोबदला देऊन, योग्य ती चौकशी करून आणि सद्भावाने मालमत्ता घेतली, तर विकणाऱ्याला अधिकारच नव्हता असं म्हणून खऱ्या मालकाला तो व्यवहार मोडता येत नाही. या तत्त्वामागे प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, 1872 चा रामकुमार कुंडू खटल्यातला निकाल आहे. हाच कायदा पाकिस्तानातही लागू आहे, त्यामुळे तिकडच्या उर्दू वकिलांपुढेही हा शब्द येतो. उर्दूत त्याला ‘ज़ाहिरी मालिक’ म्हणता येतं, आणि जनतेच्या तोंडचा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे: ‘बेनामी’ व्यवहारातला ‘बेनामीदार’, म्हणजे ज्याच्या नावावर मालमत्ता घेतली तो.

इथे ‘ऑस्टेन्सिबल’ म्हणजे लबाड असा अर्थ घेऊ नका. जुन्या काळी बायकोच्या, मुलाच्या, विश्वासू कारभाऱ्याच्या नावावर जमीन घेणं ही सर्रास रीत होती आणि तिच्यामागे दर वेळी फसवणूक नसे. बेनामी व्यवहारांवर बंदी 1988 च्या कायद्याने आली. कलम 41 मधला शब्द लोकांपुढे मालक म्हणून कोण आहे एवढंच सांगतो. दाखवणं आहे, दाखवण्याला खऱ्या मालकाची संमतीही आहे, पण ठपका नाही. वर्तमानपत्रातल्या ‘ऑस्टेन्सिब्ली’ची शंका या कलमात आणू नये.

राहिला उलटा प्रवास, म्हणजे इंग्रजीतला ‘ऑस्टेन्सिब्ली’ उर्दूत कसा आणावा. इंग्रजी-उर्दू कोशांची परंपरा मोठी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मराठवाड्यातून जातो. मौलवी अब्दुल हक़ यांनी अंजुमन तरक़्क़ी-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठी झटणाऱ्या संस्थेचं काम कितीतरी वर्षं औरंगाबादहून चालवलं, आणि अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश 1937 मध्ये निघाला. तरीही कोशाने दिलेला एकच शब्द प्रत्येक ठिकाणी चिकटवू नये. नुसतं ‘बज़ाहिर’ लिहिलं तर शंका गळून पडण्याची भीती असते. निदान ‘तो’ जोडा. हेतूबद्दल वाक्य असेल तर मला ‘कहने को’ अधिक आवडतं: ‘कहने को तो कमेटी तहक़ीक़ के लिए बनी थी।’ यात म्हणणारा आहे, त्याचं म्हणणं आहे, आणि अंतरही आहे. कृतीवर भर असेल तर ‘दिखाने को’. दख्खनीत ‘कहने को’च्या जागी ‘बोलने को’ येतं आणि तेही तितकंच नेमकं असतं. मराठीत आणताना ‘वरकरणी’ हा लिहिण्यातला शब्द झाला. बोलण्यात मी ‘म्हणायला’ किंवा ‘सांगायला’ निवडतो: ‘समिती नेमली ती म्हणायला चौकशीसाठी.’ ‘वरवर पाहता’ मात्र टाळतो. त्यात पुन्हा फक्त बघणारा उरतो आणि दाखवणारा निसटतो, म्हणजे ‘बज़ाहिर’ची तीच अडचण मराठीत येते. विशेषण म्हणून आला तर ‘स्वतःला तटस्थ म्हणवणारी’, उर्दूत ‘ग़ैर-जानिबदार कहलाने वाली’, अशी मोडणी करावी. आणि न्यायालयाच्या कागदात कलम 41 चा संदर्भ असेल तर या कुठल्याच पर्यायाला हात लावू नये. तिथे ‘ज़ाहिरी मालिक’ किंवा ‘दर्शनी मालक’ असा एकच शब्द ठरवून सबंध दस्तऐवजात तोच ठेवावा.